जुईचं जावळ

माझा धंदाच संशयाचा. विमा कंपनीकडे येणारे दावे मी तपासते. आग खरंच लागली की लावली, गाडी चोरीला गेली की विकली, माणूस जिन्यावरून पडला की पाडला, हे शोधून काढायचं. त्यामुळे कुणी फार गोड बोललं की माझे कान टवकारतात, आणि कुणी गप्प बसलं तर जास्तच टवकारतात. लोकेशला हे मी लग्नाआधीच सांगितलं होतं. तेव्हा तो हसला होता. पुढे हसायचा थांबला.

तर ही आमच्या जुईच्या जावळाची हकिकत.

जावळ म्हणजे पूर्वी साधासा घरगुती कार्यक्रम असायचा. बाळाला मामाच्या मांडीवर बसवायचं, पोटातून आलेले केस उतरवायचे, बाळानं रडून घर डोक्यावर घ्यायचं आणि मग बाकीच्यांनी जेवून घ्यायचं. केस कणकेच्या उंड्यात घालून नदीत सोडत. आता सोडत नाहीत. आता ते वाचतात.

केसवाचन निघालं त्याला सात-आठ वर्षं झाली असतील. त्यातलं शास्त्र अवघड नाही. केस वाढत असतो तेव्हा रक्तातून येणारं बरंच काही त्याच्या मुळाशी अडकतं आणि केसाबरोबर पुढं सरकत जातं. महिन्याला साधारण एक सेंटीमीटर. टोकाकडचा भाग जुना, मुळाकडचा ताजा. यंत्र केसाच्या कणाकणावर बारीक किरण मारतं, त्यातून उडालेले रेणू मोजतं आणि पडद्यावर एक रेषा काढतं. रेषा वर गेली, की त्या महिन्यात अंगात काहीतरी जास्त शिरलं असं समजायचं. मोठ्या माणसाच्या केसात तेल, शाम्पू, रंग यांची भेसळ असते. बाळाच्या जावळात ती नसते. ते उगवतंच पोटात, साधारण पाचव्या महिन्यापासून. म्हणजे आईनं तेव्हापासून कुठली हवा घेतली, ते बाळाच्या डोक्यावर आलेलं असतं.

मग व्हायचं तेच झालं. स्थळं बघताना लोक पत्रिकेबरोबर केसांची बट मागायला लागले. लांब शेपट्याच्या मुलीकडे आदरानं बघायचं आणि बॉबकट दिसला की भुवया वर करायच्या. टक्कल पडलेल्या मुलांची तर पंचाईतच. सोसायटीत कुणी नवा सोफा घेतला की खालच्या-वरच्या मजल्यावरून चौकशा सुरू. घटस्फोटाच्या खटल्यांत वकील केसांची पाकिटं घेऊन उभे राहायला लागले. माणसं एकमेकांच्या घरात शिरताना आधी चप्पल काढायची आणि मग वास घ्यायची.

हे सगळं कशासाठी, तर प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनांसाठी. व्हिनाइलचं प्लास्टिक मुळात कडक. त्याची लवचीक चादर किंवा मऊ फरशी करायची तर त्यात तेलकट द्रव मिसळावे लागतात. थॅलेट हा त्यांतला जुना आणि स्वस्त गोतावळा. ही रसायनं प्लास्टिकला घट्ट जोडलेली नसतात, नुसती मुरलेली असतात. हळूहळू बाहेर येतात, ऊब मिळाली की लवकर येतात, हवेत, धुळीत, कपड्यांवर, कातडीवर जाऊन बसतात. त्यांना धड वासही नसतो. आता हार्मोन म्हणजे शरीरानं शरीराला पाठवलेला निरोप, तोही अगदी चिमूटभर. ही रसायनं निरोप नेणाऱ्याची वाट अडवतात किंवा स्वतःच निरोप असल्याचं सोंग आणतात. मोठ्या माणसाचं निभावून जातं. पोटातल्या बाळाचा मेंदू मात्र त्या निरोपांच्या भरवशावर वाढत असतो.

जुई जन्मली आणि तपासणीत तिचं थायरॉईड कमी निघालं.

"गोळी दुधात कुस्करून रोज द्यायची, त्यानं भागेल," आमच्या डॉक्टर अरुंधती फिरके म्हणाल्या. "याला कारणं पुष्कळ असतात, त्यामुळे आताच कशावर बोट ठेवता येणार नाही. पण तुमच्या रक्तात थॅलेट चांगलंच चढलेलं आहे. एका बाजूनं आपण गोळी देतोय आणि दुसऱ्या बाजूनं हवा तिचं काम बिघडवतेय, असं नको व्हायला. पहिली दोन वर्षं मेंदूच्या वाढीची असतात. बाळ कायमचं कुठं राहणार ते ठरवण्याआधी जावळ वाचून घेऊ."

"हिचे केस वाचले तर?" लोकेशनं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं.

"रंगवलेले आहेत. काही उपयोग नाही."

माझ्या सासूबाईंनी तेव्हा माझ्या तांबूस केसांकडे जी नजर टाकली ती मी अजून विसरलेले नाही.

मला खरं तर जावळ वाचायचीही गरज वाटत नव्हती. माझं सासर जळगावचं. भंगाळ्यांचा प्लास्टिकच्या चटयांचा कारखाना आहे आणि घर त्याला लागून. मध्ये एक भिंत आणि एक कडुलिंब, बस. दिवसभर वितळलेल्या प्लास्टिकचा वास. उन्हाळ्यात खिडकीत कूलर, तो बाहेरची हवा खेचणार आणि माझ्या तोंडावर सोडणार. पाचवा आणि सहावा महिना मी ऐन एप्रिल-मेमध्ये त्या कूलरखाली काढला. लोकेश प्लास्टिकचाच इंजिनियर. तो सांगायचा, "चटई पॉलिप्रॉपिलीनची असते गं. तिला मऊ करायला काही घालावंच लागत नाही. वास येतो म्हणजे तेच विष असं नसतं." मी मान हलवायचे. दारूच्या दुकानदारानं दारूचे फायदे सांगावेत तसं ते मला वाटायचं.

सातव्या महिन्यात मी बाळंतपणाला नाशिकला माहेरी आले आणि मोकळा श्वास घेतला. अगदी खरोखरचा. नाशिककराला स्वतःच्या हवेचा जेवढा अभिमान असतो तेवढा दुसऱ्या कशाचा नसतो, आणि माझा भाऊ पुष्करदादा तर त्या बाबतीत सगळ्यांच्या पुढे. आमचे आई-बाबा दोघंही गेलेले. त्यामुळे बाळंतपण करायचं ते दादानं आणि केतकीवहिनीनं. दादानं मला दारातच थांबवलं, माझे डोळे हातानं झाकले आणि मागच्या खोलीत नेऊन सोडले.

सगळी खोली नवी केली होती. नवा रंग, नवं कपाट, नवी गादी. खाली मऊ मऊ फरशी अंथरलेली, गुलाबी, तिच्यावर पांढरे ससे. "रांगताना पडली तरी लागणार नाही," दादा म्हणाला. मुलगीच होणार हे त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. "आई असती तर तिनं केलं असतं, त्यापेक्षा काही कमी पडायला नको." फरशीवर एका कोपऱ्यात 'बालस्नेही' असा शिक्का होता. तो त्यानं मला दोनदा दाखवला. नव्या वस्तूंचा तो वास मी छाती भरून घेतला, आणि मला रडूच आलं. इतकं माझ्यासाठी कुणी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं.

जुई ऑगस्टच्या शेवटी झाली. बाहेर पाऊस, आत बाळंतिणीची खोली. आपल्याकडची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. दारं-खिडक्या बंद, शेक, धुरी, कानाला फडकं. वारा म्हणून लागू द्यायचा नाही. थंडी सुरू झाल्यावर दादानं हीटर आणला. जुई सशांवर दुपटं टाकून झोपायची आणि मी तिच्याशेजारी.

आता लोकेशचं वागणं सांगते. माझ्या जागी कुणीही असतं तरी संशय आला असता.

तो दर पंधरवड्याला जळगावहून यायचा. खोलीत शिरला की आधी बाळाकडे न जाता खिडकीकडे जायचा आणि ती सताड उघडायचा.

"अरे, बाळंतिणीच्या खोलीची खिडकी उघडतात का? सर्दी होईल तिला."

"होऊ दे थोडी."

होऊ दे थोडी! स्वतःच्या तान्ह्या मुलीला! मी उठून खिडकी लावायचे, तो पाणी प्यायला उठायचा आणि येताना परत उघडायचा. मग म्हणायला लागला, बाळाला घेऊन पुढच्या हॉलमध्ये झोपत जा. हॉलमध्ये टीव्ही, येणारे-जाणारे, दादाचे मित्र. मी म्हटलं, "तुला माझ्या माहेरची ही एक खोलीसुद्धा बघवत नाही का?" तो गप्प. मी आधीच सांगितलं आहे, गप्प बसणाऱ्याचं मला काय होतं ते.

एकदा मी अंघोळ करून आले तर हा कोपऱ्यात गुडघ्यांवर बसलेला. हातात पेपर कापायची सुरी. मला बघताच सुरी खिशात.

"काय करतोयस?"

"बटण पडलं होतं शर्टाचं."

त्याच्या शर्टाची सगळी बटणं जागेवर होती. तो गेल्यावर मी कपाट सरकवून पाहिलं, तर फरशीची बोटभर पट्टी कापलेली. सशाचा एक कान गायब. मी तासभर विचार केला. हा इथं काही ठेवतोय का? काही नेतोय का? वाचनात जळगावचं नाव येऊ नये म्हणून काही बनाव चाललाय का? दावा खोटा करणारी माणसं आधी जागेवरच्या खुणा बदलतात, हे मी रोज बघते. दादाला यातलं काही बोलले नाही. त्याच्या फरशीला भोक पडलं हे सांगायचं माझ्या जिवावर आलं.

आणि मग दिवाळीची साफसफाई आली.

पाळणा हलवला, गादी उचलली, तर गादीखाली काळ्या कापडाची पुरचुंडी. तळहाताएवढी, चारी बाजूंनी लाल दोऱ्यानं शिवलेली. हातात घेतली तर आत काहीतरी कुरकुरलं.  कपाटाच्या मागे दुसरी. माळ्यावर तिसरी. पडद्याच्या दांडीला मागच्या बाजूनं बांधलेली चौथी. काळं कापड, लाल दोरा, आणि सगळ्या बाळाच्या भोवती.

मी काही अडाणी नाही. करणी-बिरणीवर माझा काडीचाही विश्वास नाही. पण माझा विश्वास नसला म्हणून ती करणाऱ्याचा नसतो, असं थोडंच आहे? केतकीवहिनीला आठवलं, बारशाला सासूबाई आल्या तेव्हा त्या बराच वेळ या खोलीत एकट्याच होत्या. "बाळाला बघू राहिली," असं म्हणाल्या होत्या.

मी फोटो काढून लोकेशला पाठवला आणि फोन लावला.

"हे करणीचे उद्योग तुझ्या आईचे आहेत का?"

"हो. आईनं ठेवल्यात."

"कशासाठी?"

"राहू दे ना हिमानी. तिचं समाधान. टाकू नकोस तेवढ्या."

"म्हणजे तुला माहीत होतं!"

"टाकू नकोस, एवढंच सांगतोय."

मी चारही पुरचुंड्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या आणि गाडी वळणापर्यंत जाईस्तोवर दारात उभी राहिले. सासूबाईंना निरोप पाठवला, की आता जुईला बघायचं ते जावळालाच. त्या आल्या नाहीत. दिवाळीची साडी मात्र आली. ती मी झटकून, उलटसुलट करून, शिवणी तपासून मगच कपाटात ठेवली.

डिसेंबरात लोकेशनं नवीनच टुमणं लावलं. जावळ लवकर करू. पाचव्या महिन्यातच करू. थंडी संपेपर्यंत थांबूया असं दादा म्हणत होता, पण याला घाई. घाई करणारा दावेदार मला सर्वांत जास्त खुपतो. तरी मी म्हटलं, ठीक आहे, होऊन जाऊ दे, आणि त्याला हॉलमध्ये समोर बसवून माझी अट सांगितली.

"वाचनात तुमच्या कारखान्याची खूण निघाली तर मी आणि जुई जळगावला येणार नाही. कधीच नाही. तुला यायचं तर तू इथं ये."

खूण म्हणजे काय ते सांगायला हवं. केसवाचन आल्यावर सरकारनं कायदा केला, की प्लास्टिकचा माल करणाऱ्या प्रत्येकानं आपल्या मालात एक निरुपद्रवी खुणेचं रसायन मिसळायचं, प्रत्येकाचं वेगळं. त्यामुळे केसात नुसतं किती ते नाही, कुणाचं तेही कळतं.

"आणि नाही निघाली तर?" लोकेशनं विचारलं.

"तर येईन."

"बरं," तो म्हणाला. भांडला नाही, चिडला नाही. मला रात्रभर त्या 'बरं'चाच राग येत राहिला.

जानेवारीच्या शेवटी जावळ झालं, त्याच खोलीत. दादानं हीटर लावून खोली गरम केली होती. सशांवर पाट मांडला, पाटावर दादा नवा सदरा घालून बसला, मांडीवर जुई. सासूबाई भिंतीशी टेकून बसल्या होत्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून. मी त्या पिशवीवर लक्ष ठेवून होते. डॉक्टर फिरके स्वतः आल्या होत्या. त्यांचं यंत्र पोळ्यांच्या डब्याएवढं होतं. वहिनीनं ओवाळलं, दादानं पहिली बट कापली. जुईनं जो सूर लावला तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. डॉक्टरांनी बट उचलून यंत्रात ठेवली आणि पडदा आमच्याकडे वळवला.

"टोकाकडून सुरुवात होईल. म्हणजे पाचव्या महिन्यापासून."

"म्हणजे जळगाव," मी म्हणाले.

रेषा निघाली. तळाशी, जवळजवळ आडवी. मी वाट बघत होते. ती वर जाईना.

"यंत्र नीट चालू आहे ना?"

"चालू आहे. हा सहावा महिना. थोडं काही आहे, अगदी शून्य नाही. जुनं प्लास्टिक वितळवणारे आजूबाजूला असतील त्यांचं असेल. पण हे काळजीचं नाही." त्यांनी खुणांवरून बोट फिरवलं. "भंगाळे मॅट्सची खूण तर मोजता येईल इतकीही नाही."

सासूबाईंनी पदर सारखा केला. लोकेश पडद्याकडे बघतच नव्हता. तो जुईकडे बघत होता.

"आता सातवा."

रेषा चढायला लागली.

"बघ, आता आमच्या नाशिकची हवा," दादा हसत म्हणाला. त्याला वाटलं, रेषा वर जाते म्हणजे चांगलं. रेषा चढत गेली. आठवा, नववा, जन्म, त्यानंतरही वरच. डॉक्टरांनी आवाज खाली आणला. "सगळी एकाच मालाची खूण आहे. परराज्यातली कंपनी दिसते. मऊ फरशी करणारी."

दादानं आधी पडद्याकडे पाहिलं, मग आपल्या पायाखाली. एक हात जुईच्या पोटावर होता, दुसरा त्यानं हळूच सशावरून फिरवला.

"पण यावर बालस्नेही लिहिलंय," तो म्हणाला.

वहिनीनं उठून हीटरचं बटण बंद केलं. तेवढा एक खट्ट आवाज झाला. ती खोली, तो नव्याचा वास, ती बंद खिडकी. मी स्वतः उठून उठून लावलेली.

"इथं मात्र काहीतरी झालंय," डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. रेषेला एके ठिकाणी खोल खड्डा पडला होता. "बारशाच्या सुमारास एकदम खाली आलीय. दीड-दोन महिने खालीच आहे. आणि दिवाळीपासून पुन्हा वर. तेव्हा खोली बदलली होती का?"

"नाही," मी म्हणाले.

"खिडक्या उघड्या ठेवल्या?"

"नाही."

"मग काय केलं होतं? कारण जे केलं होतं त्यानं तिला चांगलाच फरक पडला होता."

बारशापासून दिवाळीपर्यंत. मी वळून सासूबाईंकडे पाहिलं. त्या खाली बघत पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या.

"कोळसा," लोकेश म्हणाला. "नारळाच्या करवंटीचा. आम्ही कारखान्यात धूर गाळायच्या नळ्यांत भरतो तो. हवेतली ही रसायनं तो धरून ठेवतो. सगळी नाही, पण बरीच."

"त्यानं मले सांगितलं, आई, पुरचुंड्या शिवून दे," सासूबाई म्हणाल्या. "पांढऱ्या कापडातून काळं गळते, म्हणून काळं घेतलं. मशीनले लाल दोरा लावेल होता, तोच राहू दिला. मले काय माहीत, तुले असं काही वाटीन म्हणून."

मला लोकेशचा इतका राग आला, की पुष्करदादा, डॉक्टर, कुणाचं भान राहिलं नाही. "फरशी तू तेव्हाच कापून नेली होतीस."

"हो. तपासली. पण आमच्याच प्रयोगशाळेत. तो कागद मी तुला कुठल्या तोंडानं दाखवणार होतो?"

"मग तोंडानं सांगायचंस!"

"खिडकी उघड म्हणालो. हॉलमध्ये झोप म्हणालो."

"फरशी म्हणाला नाहीस. एकदाही नाही!"

"फरशी म्हणालो असतो तर तू काय म्हणाली असतीस, हिमानी?"

मला ते वाक्य माहीत होतं. आपल्या कारखान्याचं खापर माझ्या भावावर फोडतोस होय. शब्दन् शब्द तयार होता. इतकं सगळं पडद्यावर दिसत असताना, तेव्हासुद्धा, तो माझ्या जिभेवरच होता.

"आणि करणी म्हटल्यावर ऐकून घेतलंस? तुझ्या आईबद्दल?"

"नजरेचं काही असेल म्हणून तरी राहू देशील असं वाटलं," तो म्हणाला. "कोळसा म्हटलं असतं तर कशासाठी विचारलं असतंस. मग फरशीवर यावं लागलं असतं. जावळ करता येईल तेवढं लवकर करायचं, दुसरं काही मला सुचलं नाही. केसावर तरी तू विश्वास ठेवशील."

त्याची चूक होती. मी आजही म्हणते, त्याची चूक होती. मुलीच्या जिवाचा प्रश्न असताना माणसानं बायकोशी भांडावं, ओरडावं, फरशी उचकटून रस्त्यावर फेकावी. आईकडून पुरचुंड्या शिवून घेऊ नयेत. पण त्याला ते का जमलं नाही, हेही मला त्या खोलीत बसल्या बसल्या कळत होतं, आणि ते कळणं मला मुळीच नको होतं.

तेवढ्यात दादा उठायला लागला. चेहरा पांढराफटक. जुईला पुढं करून म्हणाला, "घे हिला. माझ्या मांडीवर नको. मी काय केलं हे, हिमू. मी काय केलं." मला उठता येईना.

सासूबाई उठल्या. आधी जाऊन त्यांनी खिडकी उघडली. गार वारा आत आला आणि या वेळी कुणी ती लावली नाही. मग त्या दादाजवळ आल्या आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मामा, उठू नका. पोरीचं अर्धं डोकं राहिलं ना अजून. चला, गॅलरीत पाट मांडते. तिथं बसा घेऊन तिले."

"आई, मी..."

"तुम्ही तिच्यासाठी खोली सजवली. आता तिचं जावळ पुरं करा. मामाच्याच मांडीवर होत असते ते."

दादा लहान मुलासारखा त्यांच्यामागे गेला. वहिनीनं पाट नेला, डॉक्टरांनी कात्री. लोकेशनं जाता जाता गादीची एक बाजू उचलून दाराकडे ओढली. गॅलरीत जुईचं रडणं पुन्हा सुरू झालं आणि थोड्या वेळानं दादाचं हुंदके देत 'अले, अले' म्हणणं.

खोलीत मी आणि सासूबाई राहिलो. त्या पिशवी घ्यायला परत आल्या होत्या. क्षमा मागायची माझी तयारी होती, पण तोंडातून आलं ते वेगळंच.

"आई, आणखी आहेत का तशा? गाडीत ठेवायला. जळगावपर्यंत."

त्यांनी पिशवीत हात घातला. सगळ्यात वर चार पुरचुंड्या होत्या, तशाच काळ्या, तशाच लाल दोऱ्याच्या. म्हणजे त्या याही वेळी घेऊन आल्या होत्या.

"आता टाकशीन तर नाही ना?"

"नाही."

त्यांनी एक माझ्या हातात दिली. ती हलकी होती, दाबली की कुरकुरत होती. मी तिच्याकडे बघत राहिले. मला काही करायचं नव्हतं. अगदी देवाशपथ सांगते, मला काहीच करायचं नव्हतं. पण माझ्या बोटांनी कडेचा लाल दोरा पकडला आणि सरकन ओढला. दोन टाके उसवले. मी आत बोट घालून चिमटीत काढून बघितलं.

कोळसाच होता.

मान वर केली तर सासूबाई समोर उभ्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. मला वाटलं, आता बोलतील, त्यांचा हक्कच होता. त्यांनी माझ्या हातातून पुरचुंडी काढून घेतली, काळी झालेली माझी बोटं आपल्या पदरानं पुसली आणि दाराकडे वळून हाक मारली.

"केतकी, सुई आहे का गं घरात? एवढं शिवून घेते."